तीर्थपुरीच्या कापसात नखाची परीक्षा

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. माझे वय सदुसष्ट. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी छत्तीस वर्षे गेली. दोन वर्षांपासून उजवा हात थरथर कापतो. तपासण्या पुष्कळ झाल्या, निदान ‘वय’ एवढेच निघाले. तीर्थपुरीजवळ संकरित कापसाचे बियाणे पिकवणारा माझा जुना विद्यार्थी भास्कर याने सप्टेंबरअखेर शेत पाहायला बोलावले. मुलाने विरोध केला. मी निघाले.

पुण्याहून औरंगाबाद, मग जालना, अंबड, तीर्थपुरी. सारा प्रवास एस.टी.ने. कंडक्टरने वय न विचारताच अर्धे तिकीट फाडले. सवलत हक्काची आहे, तरी विचारण्याचे सौजन्य हवे होते. जालन्यात शिरताना एमआयडीसीतले लोखंडाचे कारखाने दिसतात. त्यानंतर क्षितिजापर्यंत काळी जमीन. अंबडला स्थानकाबाहेर वीस रुपयांत दोन भाकरी, वांगे आणि ठेचा मिळाला. भाकरी निर्दोष, चहा पाकासारखा. पुढे गाडी हादरते. कंबर दुखणाऱ्यांनी पुढचे बाक धरावे.

जाणाऱ्यांनी दुपारी चारपूर्वी शेतावर पोहोचावे, कारण खरे काम तेव्हा सुरू होते. उद्या उमलणारी कळी अंगठ्याच्या नखाने सोलून तिच्यातले पिवळे परागकोश काढतात आणि दुसऱ्या सकाळी तिला दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. एक परागकोश जरी आत राहिला, तरी बियाण्याची शुद्धता बिघडते.

ओळीत दहा-बारा बायका होत्या. सर्वांत वयस्कर गयाबाई मान वर करून, भलतीकडे पाहत कळ्या सोलत होती. भास्कर म्हणाला, तिची नजर अधू झाली आहे, या आठवड्यानंतर तिला थांबवणार. मी तत्काळ, आणि मोठ्याने, म्हटले की निर्णय योग्य आहे. या कामात दृष्टीला पर्याय नाही.

गयाबाईने ऐकले. “बाई, तुमी एक सोलून दाखवा की.”

मी हे तंत्र कित्येक तुकड्यांना शिकवले आहे. पहिल्या कळीत हात थरथरला आणि स्त्रीकेसरच तुटला. दुसरी जमली असे वाटले. गयाबाईने तिच्या तळाशी अंगठा फिरवला आणि सांगितले, “दोन राह्यले.” मी भिंग लावले. दोनच होते.

“नख लई शिकलेलं हाय तुमचं,” ती म्हणाली, “पर त्याला रोजचं काम न्हाई.” बायका पदरात हसल्या.

मग मी रीतसर परीक्षा घेतली: तिच्या वीस कळ्या आणि ओळीतल्या सर्वांत चपळ मुलीच्या वीस, भिंगाखाली. मुलीच्या तीन कळ्यांत परागकोश सापडले. गयाबाईच्या एकाही कळीत नाही. मात्र वेळ तिला जवळजवळ दुप्पट लागला, हेही मी भास्करला सांगितले. त्याने तेच धरले: “मॅडम, काम बराबर हाय मावशीचं, पण मला जल्दी पायजे. चार वाजता सुरू करतो, दिवस मावळला की खलास.”

“मंग मला ओळ देऊच नगं,” गयाबाई म्हणाली. “पोरी पुढं सोलतील. मी मागून अंगठा फिरवते. राह्यलं ते काढते.”

इतका नेमका प्रस्ताव मी कित्येक बैठकांत ऐकला नव्हता. तिथेच मी माझे मत मागे घेतले, तेही मोठ्याने. भास्कर म्हणाला, “बघू.”

दुसऱ्या सकाळी पराग लावताना मी गयाबाईशेजारी उभी राहिले. कापणाऱ्या हाताचे काय करायचे, हे मी न विचारताच तिने दाखवले: मनगट छातीशी टेकवायचे आणि कळी हाताकडे आणायची. डॉक्टरांपैकी कोणालाही हे सुचले नव्हते.

आता पुण्यात गच्चीवर कापसाच्याच कुळातल्या जास्वंदीच्या कळ्यांवर मी रोज सराव करते. दहांपैकी सात स्वच्छ निघतात. अजून तीन निघाल्याच पाहिजेत. हात कापतो. तो कापत राहील, आणि मी त्याच्याकडून काम करून घेईन. वय ही सबब म्हणून मी यापुढे कोणाकडूनही स्वीकारणार नाही, स्वतःकडून तर नाहीच.

भास्कर, माझे हे सदर तू वाचतोस, मला ठाऊक आहे. ‘बघू’ हे उत्तर नव्हे. असल्या उत्तराला परीक्षेत मी कधी गुण दिले नाहीत. पुढच्या हंगामात गयाबाई पूर्ण रोजावर ओळींमागून चालणार आहे की नाही? तिला वाचून दाखवता येईल असे उत्तर, लेखी आणि तुझ्या सहीचे, पेरणीपूर्वी मला पाठव.