कागदावर न चढलेला चहा

तेव्हा मी साठीची पोरगी होते. अठ्ठ्याहत्तरीतून मागे बघताना ती बाई मला पोरच वाटते, तीसुद्धा अर्धवट. आपल्याला सगळं कळतं असा तोंडावर भाव, आणि ते तोंड कधी बंद नाही.

लालबागला आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. संडास गॅलरीच्या पार टोकाला, मधे अकरा दारं. दारात बायका तांदूळ निवडत, वाल सोलत बसलेल्या. कोण दिवसातून किती वेळा टोकाला गेलं, ते सगळ्यांना ठाऊक.

हे गिरणीतले. गिरणी गेली, मग वॉचमनकी केली, तीही सुटली. राहिला तो पखवाज. दर गुरुवारी संध्याकाळी तळमजल्यावर मंडळाचं भजन असे, आणि ह्यांचा हात पडल्याशिवाय बुवा तोंड उघडत नसत. सतरंजीवर बुवांच्या उजव्या बाजूची ती दोन हात जागा, तेवढीच ह्यांची म्हणून जगात उरली होती.

मग हे अभंगाच्या मधेच उठायला लागले. टोकाला जायचं, ताटकळत उभं राहायचं, थेंब थेंब लघवी व्हायची, परत येऊन टेकतात तोच पुन्हा घाई. एका सकाळी असेच लगबगीने निघाले तेव्हा मी सगळ्या बायकांदेखत म्हटलं, "ह्यांची गादी आता टोकालाच नेऊन टाकते. हेलपाटे तरी वाचतील." बायका खदखदल्या. हे वळले नाहीत, मान खाली घालून चालत राहिले. मला तेव्हा वाटलं, काय फर्मास बोलले मी.

लेकीने परळच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. म्हणाली, "आजोबा, प्रोस्टेटची गाठ वाढलीय. वयाने वाढते, घाबरू नका." गोळी दिली आणि मला सांगितलं, "आजी, तीन दिवस हे काय काय पितात आणि लघवीला कधी कधी जातात, सगळं वेळ घालून लिहून आणा."

मी सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर रेघा मारून लिहिलं. सकाळी सात, पाणी एक पेला. दुपारी एक, पाणी एक पेला, जेवताना. चहा काही लिहिला नाही. चहा कोण लिहितं? पाणी पितात, चहा आपला होतो. उठल्यावरचा, पेपरबरोबरचा, कोणी दारात आलं म्हणून, चार वाजले म्हणून. आमच्या मजल्यावर श्वास मोजले असते, पण चहा मोजला नसता.

वर माझं स्वतःचं डॉक्टरकी डोकं. आत कमी गेलं की बाहेर कमी येईल, हा माझा नळाचा हिशेब. चार वाजल्यानंतर तांब्या मी डब्यामागे लपवून ठेवी.

"घसा सुकलाय गो," हे म्हणत.

"थांबा, चहा टाकते."

डॉक्टरीणबाईने कागद पाहिला. "पाणी एवढंसं, तरी एवढ्या वेळा जातात?" तिने गोळी वाढवली. ती घेतली की उठताना ह्यांना गरगरायचं.

त्यानंतरच्या गुरुवारी हे म्हणाले, "आज उठायचं नाय. लोक बघतात." मग त्यांना बळ यावं म्हणून मी आलं ठेचून कडक दोन कप पाजले. आपल्या हाताने.

उठले नाहीत. खाली काय झालं ते मला मागाहून शेजारणीने सांगितलं. अभंग रंगात होता, आणि ह्यांच्याखालून सतरंजीवर ओल पसरत गेली. मागून कोणीतरी फिसकन हसलं. ह्यांनी हात थांबवला नाही, अभंग संपेपर्यंत वाजवत राहिले. मग वर आले, दाराआडची बालदी घेतली.

"काय झालं?"

"सतरंजी धुवायची आहे. तू येऊ नको."

रविवारी लेक आली. मी कप तिच्या पुढ्यात ठेवला. ती तो कागद वाचत होती.

"आई, ह्यात चहा कुठाय?"

"चहा कशाला लिहायचा?"

"काय काय पितात ते लिही म्हणाली ना ती? किती कप देतेस?"

मी बोटांवर मोजले. "सहा. चल, सात."

कॉटवरून हे म्हणाले, "आठ. गुरुवारचा दुसरा धर." आणि भिंतीकडे वळले.

कपांचा आकडा ऐकून डॉक्टरीणबाई ओरडली नाही, ओरडली असती तर बरं होतं. चहातलं कॅफिन मूत्राशयाला डिवचतं, लघवीही वाढवतं. ज्यांची प्रोस्टेट वाढलीय त्यांची घाई आणखी वाढते. पाणी तोडलं की लघवी दाट होते, तीही डिवचते. चहा हळूहळू उतरवा, दिवसा पाणी द्या, संध्याकाळनंतर बेताने. एवढंच बोलली.

महिन्याभरात फरक पडला. गाठ कुठे जात नाही, पण घाई ओसरली. मी घड्याळ लावून पाहिलं, हे दीड तास बसले.

"भजनाला जा की आता."

"नको."

पुन्हा विचारलं, पुन्हा नको. गुरुवारी खालून टाळ वाजले की कॉटवर बसून गुडघ्यावर बोटं चालवत. खाली दुसरा कोणी वाजवायचा, तो चुकला की ह्यांचं बोट क्षणभर थांबे. चार वर्षं असे गुरुवार गेले. मग हृदयाने हे गेले.

बाराव्याला मंडळ आमच्या खोलीत भजनाला आलं. शेजारणीने किटली भरून चहा आणला. बुवा आता ऐंशीचे. अभंगाच्या मधे त्यांनी दोनदा दाराकडे बघितलं, मांडी बदलली, कपाळाला घाम. पुढ्यात कप तसाच. मी जाऊन तो काढून घेतला.

"बुवा, जाऊन या."

"मधेच कसा उठू, वहिनी?"

"उठा. आम्ही थांबतो."

ते उठले. पखवाज थांबला. मी दारात येऊन उभी राहिले आणि ते टोकाला पोचेपर्यंत एकेका दाराकडे बघत राहिले. कोणी हसलं नाही. त्या मजल्यावर पहिली हसणारी मीच असायचे.