टकटक कशाची होती, दादा?

अमोलदादा माझ्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर न देता गेला.

आज वर्ष झालं.

दादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये, जेवणाच्या टेबलावर त्यानं मला प्रोग्रामिंग शिकवलं. कॉलेजच्या आधीचं माझं कॉलेज तेच.

पुढे मी नागपूरच्या मिहानमध्ये, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागले. अडलं की त्याला फोन.

"दादा, कोड चालून नाही राहिला."

"ही तक्रार झाली. प्रश्न सांग. काय व्हायले पाहिजे होतं, काय होऊन राहिलं?"

"एरर येते."

"पूर्ण वाच ती. आणि शोधलं काय तू? कोणते शब्द टाकून?"

मी काहीच शोधलेलं नसायचं.

"शोध आधी. मग जिथं अडलं तेवढाच तुकडा पाठव. नळ गळते म्हणून कोणी अख्खं घर उचलून आणते का वं?"

मी चिडायचे. शोधायचे. प्रश्न नीट लिहायला बसले की बरेचदा उत्तर तिथंच सापडायचं.

पण मला एक संशय होता.

तो हे सगळं विचारत असताना मागून टकटक ऐकू यायची.

"दादा, तू टाइप करून राहिला का?"

"नाही वं. आई भाजी चिरून राहिली."

मला वाटायचं, याला स्वतःलाच येत नाही. वेळ काढतोय.

तो असेपर्यंत हे विचारायचं धाडस झालं नाही.

आता सोमवारपासून टीममधल्या नव्या मुली मला प्रश्न विचारणार आहेत. मला सगळं येत नाही. अशा माणसानं शिकवायला बसावं का, ही भीती आहे. म्हणून मला कळायलाच हवं होतं, त्याला सगळं येत होतं का.

तो गेला तेव्हा आत्याला विचारलं होतं, "दादाले सगळं येत होतं ना वं आत्या?"

"हुशारच होता माझा पोरगा," म्हणाली आणि रडली.

प्रश्नच वाईट होता. उत्तर मीच त्यात घालून दिलं होतं.

आज नीट विचारलं.

"आत्या, मी फोन केला की मागून टकटक येत होती. दादा म्हणे, आई भाजी चिरते. सकाळी केला तरी तेच, दुपारी जेवणं झाल्यावर केला तरी तेच. तू खरंच चिरत होती?"

आत्या हसली. वर्षभरात पहिल्यांदा पाहिलं मी तिला हसताना.

"मी त्याच्या खोलीत काहून भाजी चिरू? तुझा फोन आला की तो कम्प्युटरवर बसे. म्हणे, आई, हे मलेही नाही येत, तिच्या आधी सापडलं पाहिजे."

"आणि मलेच आधी सापडलं तर?"

"तर भलता खुश होये. जेवतानी मलेच सांगत बसे. मले काय समजते त्यातलं?"

म्हणजे संशय खरा होता.

सोमवारी कुणी विचारलं आणि मला येत नसलं, तर तसं सांगेन. मग विचारेन, तू काय काय शोधलंस. टकटक मात्र लपवणार नाही.

भाजी चिरून झाली असेल, तर आता आराम कर, दादा.