चार कोपऱ्यांची परीक्षा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, ब्रिस्टलमधल्या आमच्या स्वयंपाकघरात एका शनिवारी सकाळी अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासात ढवळाढवळ झाली. अमेरिकेला हे अजून कळलेलं नाही. जबाबदारी माझ्या आईने स्वीकारलेली नाही, कारण तिच्या मते तिने फक्त मदत केली.

वस्तू लहानशी. आगपेटीहून थोडा उंच असा पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर नारिंगी आकाशाखाली बॅट खांद्यावर टाकून उभा असलेला एक बेसबॉल खेळाडू. चेहरा असा, की चित्रकाराने त्याला भरल्या ताटावरून उठवून आणलं असावं. पूर्वी सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. आतला माल मोडू नये म्हणून कंपन्या एक पुठ्ठा घालत. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, पुठ्ठा घालतोच आहोत तर त्यावर चित्र छापू, म्हणजे गिऱ्हाईक पुढच्या चित्रासाठी पुढचं पाकीट घेईल. इंग्लंडात क्रिकेटवाले छापले, अमेरिकेत बेसबॉलवाले. धूर हवेत गेला, चित्रं उरली.

बहुतेक कार्डं पाकिटातून पोरांच्या खिशात गेली आणि तिथेच त्यांचे हाल झाले. आमच्या शेजारच्या आजोबांचं कार्ड मात्र पाकिटात गेलंच नव्हतं. त्यांचे वडील ब्रिस्टलच्या तंबाखू कारखान्यात छपाई खात्यात होते, आणि अमेरिकेहून आलेल्या एका छपाईवाल्याने त्यांना ते नमुना म्हणून दिलं होतं. वडिलांनी ते एका जाड नकाशाच्या पुस्तकात ठेवलं. वडिलांची तेवढीच एक वस्तू आजोबांकडे उरली होती.

आजोबांना ते विकायचं नव्हतं. त्यांच्या थोरल्या बहिणीला विकायचं होतं, आणि या बाईंना नाही म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. शेवटी तह झाला. कार्ड अमेरिकेला परीक्षकांकडे पाठवायचं. ते दहापैकी गुण देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. गुण वरचे आले तर लिलाव, बेताचे आले तर कार्ड आजोबांचं.

मी विमानाचे सुटे भाग तपासायची नोकरी करत होतो. त्यामुळे पूर्वपरीक्षक म्हणून दोन्ही पक्षांनी एकमताने मला नेमलं. मी ती भूमिका गाजवली. पांढरा हातरुमाल अंथरला, भिंग काढलं, घसा साफ केला. चित्र चौकटीच्या मधोमध आहे का? आहे. कडा? सरळ. पृष्ठभाग? एक ओरखडा नाही. कोपरे? हे सर्वांत आधी झिजतात आणि परीक्षकाचा डोळा आधी तिथेच जातो. चारही कोपरे नुकते कापल्यासारखे. माझ्या प्रत्येक निकालाबरोबर बाईंची हनुवटी वर जात होती आणि आजोबांचे खांदे खाली.

बाई हात धुवायला गेल्या तसे आजोबा हळूच म्हणाले, "नीट बघ ना. कुठे जरासा मार बसला असेल."

"नाही हो," मी म्हणालो. "फार शोधला."

पाठवायच्या दिवशी बाई गाडी घेऊन आल्या. आजोबा पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं कार्ड घेऊन आमच्याकडे आले, जाण्यापूर्वी आईला एकदा दाखवायला. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. माझं ऐकून तेही तिला 'आई' म्हणत, वयाने तिच्याहून मोठे असून. हे काय आणि कुठे चाललंय, असं तिने विचारलं. मी मराठीत सोपं करून सांगितलं: अमेरिकेला परीक्षेला चाललंय, दहापैकी मार्क मिळतात. मग मी चहाकडे वळलो. बाई गाडीतून चिकटपट्टी आणायला गेल्या, आजोबा खिडकीशी पाठमोरे उभे राहिले.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. कुणाचं नशीब ठरवायला जाणारा कागद हळदीकुंकवाशिवाय उंबरठा ओलांडत नाही. माझा कॉलेजचा फॉर्म, व्हिसाचे कागद, बहिणीची लग्नपत्रिका, सगळे असेच गेले. देवापुढे ठेवायचं, बोट ओलं करायचं आणि चारही कोपऱ्यांना लावायचं.

मी ट्रे घेऊन वळलो तेव्हा चौथा कोपरा चालू होता. पारदर्शक पाकीट काढून बाजूला ठेवलेलं होतं.

"आई, अगं, पाकिटातून काढलंस कशाला?"

"मग काय प्लॅस्टिकला कुंकू लावू?" ती म्हणाली. "पहिला नंबर येईल बघ."

बाई चिकटपट्टी हातात घेऊन दारात थिजल्या होत्या. मी इंग्रजीत भारतीय संस्कृतीवर छोटंसं भाषण सुरू केलं आणि दुसऱ्या वाक्यात अडकलो. बाईंनी विचारलं, हे निघेल का? पुठ्ठ्यात मुरलेली हळद निघत नाही, हे सांगायला भिंगाची गरज नव्हती. परीक्षक याला डाग म्हणतील आणि गुण तळाला जातील, हेही मी सांगून टाकलं.

बाईंनी भावाकडे पाहिलं. आजोबांनी माझं भिंग उचललं, पिवळे-लाल चारही कोपरे एकेक करून सावकाश पाहिले, कार्ड उलटं केलं आणि एकदम बोलून गेले, "आई, मागची बाजू राहिली."