आल्फहिल्ड आणि बर्चच्या फांद्या

गुनेलची सारी हयात स्वीडनच्या हेल्सिंगलंड भागातल्या एका गावच्या बालवाडीत गेली. ईस्टर तीन आठवड्यांवर आला की ती गुडघाभर बर्फ तुडवत जायची आणि बर्चच्या फांद्या तोडून आणायची. पाण्यात ठेवल्या की उबेनं कळ्या फुटत, उंदराच्या कानाएवढी पानं येत, आणि पोरं त्यांवर तारेनं रंगीत पिसं बांधत. गावातल्या दोन पिढ्या तारेची ती गाठ तिच्याकडूनच शिकल्या.

एकसष्टाव्या वर्षी तिनं आपल्या आईला, आल्फहिल्डला, बालवाडीत नेलं. म्हातारी अठ्ठ्याऐंशीची, पण डोकं लख्ख. वृद्धाश्रमात बसून बसून विटली होती. गुनेलनं तिला खिडकीशी बसवलं, मांडीवर पिसांची टोपली दिली.

पाच वर्षांची तूवा सजवलेल्या फांद्यांची जुडी नाचवत आली आणि खेळता खेळता तिनं ती म्हातारीच्या पाठीला टेकवली. लागावं असं त्यात काहीच नव्हतं. आल्फहिल्ड मात्र उठली. तोंड भिंतीकडे केलं, दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर टेकले आणि हळूच मोजायला लागली. एक, दोन, तीन.

गुनेलच्या हातातली कात्री खाली पडली. आईला झटका आला असंच तिला वाटलं. धावत जाऊन तिनं खांदे धरले. सातावर म्हातारी थांबली, खाली बसली आणि ओशाळून स्वेटर सारखा करू लागली.

"आई, काय होतंय तुला?"

"काही नाही गं. सवय. गुड फ्रायडेच्या सकाळी बाबा आम्हा सगळ्यांना ओळीनं उभं करायचे. दहा-दहा फटके, याच फांद्यांचे. चुकलो म्हणून नाही. येशूला किती लागलं ते कळावं म्हणून."

अडतीस वर्षं ती याच फांद्या पोरांच्या हाती देत आली होती.

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुलाही मीच मारलंय, एकदा. तीन वर्षांची होतीस. पाचव्या फटक्याला तू रडायची थांबलीस आणि नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. मी जुडी चुलीत घातली. पुढच्या वर्षी पिसं विकत आणली."

गुनेल आठवायला गेली. काही म्हणजे काही आठवेना. आठवत होती ती फक्त पिसं, आणि ती बांधणारे आईचे हात. ती पोरांच्या बुटक्या बाकावर बसली.

आजीला लागलं का, म्हणून तूवा विचारत होती. आल्फहिल्डनं तिला जवळ ओढलं, नाही म्हणाली, आणि सुटलेलं पीस पुन्हा बांधून दिलं. त्या सकाळी उरलेली सगळी पिसं तिनंच बांधली. गुनेल तिला तारेचे तुकडे कापून देत राहिली.

परतताना गुनेल गाडीत किल्ली हातात धरून नुसती बसून राहिली.

"चल बाई," आई म्हणाली, "सूप गार होईल माझं."

त्यानंतर आल्फहिल्ड दोन वर्षं जगली. गुनेल दर रविवारी जायची आणि त्या दिवसांची एकेक गोष्ट विचारायची. आई सांगायची. काही रविवारी मात्र गुनेलच म्हणायची, आज नको.