चिरंजीव पिंटूच्या सव्वाशे वाट्या

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मी सांगायला मोकळा. नाशकाच्या भांडी बाजारात सगळ्यांचं हसून झालंय, तुम्हीच तेवढे राहिलात.

माझं नाव दगडू. थोरल्या बहिणीनंतरची दोन भावंडं पाळण्यातच गेली. माझ्याकडे तरी देवाचं लक्ष जाऊ नये म्हणून आमच्या आत्याने हे नाव ठेवलं. देवाचं लक्ष गेलं नाही हे खरं, पण बाकी कुणाचं जायचं राहिलं नाही. चौथीपर्यंत शाळा केली, मग दुसऱ्याच्या दुकानात भांडी पुसत धंदा शिकलो, पुढे स्वतःचं दुकान काढलं. पाटी रंगवणारा नाव विचारायला लागला तेव्हा म्हटलं, नुसतं 'स्टील भांडार' लिही. काय समजायचं ते समजा.

तर आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल, मला दोन मुलींवर मुलगा झाला. त्याच दिवशी मी ठरवलं, ह्याचं नाव पिंटू.

"लाडाचं ना?" बायकोने विचारलं.

"लाडाचं नाही, खरं. शाळेत पिंटू, रेशनकार्डावर पिंटू. घरी एक, दारी एक, ही भानगडच नको."

"अहो, आणि साठीला आल्यावर? पिंटूआजोबा म्हणायचं का त्याला?"

"साठीचं साठीला बघू."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

आमच्या धंद्यात नावं लांबीवर जोखतात. पुरुषोत्तम हंड्यावर मावतो, वाटीवर मावत नाही. मागून 'त्तम' बुडाखाली जातो. आणि भांडीवाल्याच्या घरचं बारसं म्हटलं की वाट्या वाटायला हव्यात, त्यावर पोराचं नाव घातलेलं हवं. पिंटू वाटीवर कसा अगदी मापात बसतो.

अडचण एकच होती. नाव ठेवायचा मान आत्याचा. ती बाळाच्या कानात सांगणार, मग सगळ्यांना कळणार, तोवर कुणी अक्षर काढायचं नाही. आणि आमच्या पोराची आत्या म्हणजे माझी थोरली बहीण, सायखेड्याची अक्का.

अक्काचं नाव मी असं वरवर घेत नाही. दुकान उघडलं तेव्हा माझ्याकडे माल थोडा आणि फळ्या फार. अक्काने लग्नात मिळालेले स्वतःचे हंडे, कळश्या, परात, सगळं गाडीत घालून आणलं आणि फळ्यांवर मांडलं. "दुकान भरलेलं दिसू दे," म्हणाली. गिऱ्हाईक त्या हंड्याला हात लावायला गेलं की मी म्हणायचो, "तो बुक झालाय." सहा महिने तो हंडा बुक होता. अशा बहिणीला दुखवून कसं चालेल?

म्हणून मी डोकं चालवलं. सायखेड्याला पत्रं टाकली. पहिल्यात खुशाली लिहून खाली, 'हल्ली शहरात पिंटू नावाची फार चलती आहे.' दुसऱ्यात, 'दवाखान्यातल्या बाई बाळाला बघून म्हणाल्या, अगदी पिंटू दिसतो.' तिसऱ्यात, 'झोपेत पिंटू म्हटलं की बाळ हसतं.' आठ दिवसांचं पोर ते. पण मला वाटलं, झालं काम. नाव आपल्यालाच सुचलं असं वाटून अक्का तेच ठेवणार.

आणि त्या भरवशावर मी सव्वाशे वाट्या नाव घालायला चाचांकडे दिल्या. चाचा आमच्या बाजारात पिढीजात नावं घालणारे. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "शेठ, पिंटूचा उकार पहिला की दुसरा?"

"दुसरा घाला. शेपटी मोठी दिसते."

चिरंजीव पिंटूच्या बारशानिमित्त. मोत्यासारखं अक्षर. टोपलीत रचून, वर फडकं टाकून मी वाट्या माजघरात ठेवल्या. नाव सांगून झालं की फडकं काढायचं, असा बेत.

बारशाच्या सकाळी अक्का एसटीने आली. हातपाय धुतले, बाळाला मांडीवर घेतलं, आणि गुटी द्यायला वाटी हवी म्हणून शेजारच्या टोपलीवरचं फडकं तिनेच सारलं.

"दगडू, हे काय हाय?"

"वाटी," मी म्हणालो.

"वाटी दिसती मला. नाव कुणाचं?"

खरं सांगितलं असतं तर दोन मिनिटं बोलणी बसली असती, एवढंच. पण वीस वर्षं गल्ल्यावर बसलेली जीभ, ती मला विचारते थोडीच?

"गिऱ्हाइकाची ऑर्डर आहे," मी म्हणालो.

"कंचं गिऱ्हाईक?"

"पंचवटीतलं."

"त्यांच्यातबी बारसं?"

"हो ना. योगायोग बघ."

"कधी हाय?"

मी म्हणालो, "आजच." का म्हणालो हे अजून मला कळलेलं नाही.

"आज? आन् वाट्या तुझ्या माजघरात? आरं, त्या माणसांच्या दारात पाव्हणे येऊन बसले असतील. धंदा करतो का खेळ करतो?"

आणि अक्का उठलीच. बाळ माझ्या हातात दिलं, रस्त्यावर जाऊन स्वतः टांगा थांबवला, टोपली उचलून वर चढवली. टांगेवाल्याने विचारलं, "कुठं द्यायच्या?"

"पंचवटीत. पिंटूच्या बारशाला."

मी टांगेवाल्याच्या कानात 'दुकानावर ने' एवढं सांगायला पुढे झालो, तर अक्काने दंड धरला. "तू कुठं निघाला? तुझ्या घरात कार्य हाय." टांगा निघाला. माझ्या पोराच्या वाट्या गोदावरी ओलांडायला चालल्या आणि मी पोराला घेऊन बघत उभा.

तरी म्हटलं, नाव तर आपलंच आहे. सहज विचारल्यासारखं विचारलं, "अक्का, नाव बरं होतं नाही ते?"

"लय ग्वाड. खरं सांगू? मीबी तेच योजलं होतं. पण आता दुसऱ्याच्या पोराच्या भांड्यावर चढलेलं नाव आपल्या पोराला कशाला? लोक म्हणतील, भांडीवाल्यानं गिऱ्हाइकाचं नाव चोरलं."

एव्हाना ओटीवर बायका जमल्या होत्या. त्यांच्यादेखत काय बोलणार? पाळणा हलला, अक्का वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि तिने मान वर करून सांगितलं, "चिंतामणी."

वाटीवर न मावणारं नाव.

घुगऱ्या वाटायची वेळ आली तेव्हा घरात वाटायला वाटी एक नाही. शेवटी जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या बांधल्या. एक म्हातारी पुडी हातात जोखून म्हणाली, "भांडीवाल्याच्या घरचं भांडं, वजनाला हलकं आहे हो."

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला बोलावून चहा पाजला नसता. बाजारातले दुकानदार पुड्या घेऊन बसलेत, चाचा कोपऱ्यात घुगऱ्या खातायत, आणि दारात टांगा.

"शेठ, अख्खी पंचवटी पालथी घातली," टांगेवाला रस्त्यावरूनच सांगायला लागला. "दारोदार विचारलं, पिंटू कुठं राहतो. तीन बारशी सापडली, पिंटू एका ठिकाणी नाही. एका घरी तर मुलगी निघाली. ती माणसं म्हणाली, ठेवून जा, पुढं होईल त्याला चालतील."

चाचा उठले, टोपलीतली वाटी उचलून चष्म्याशी धरली. "शेठ, ये तो आपका ही माल है. पोराचं नाव बदललं तर सांगायचं ना, मी घासून दिलं असतं."

मी अक्काकडे बघितलं. ती शांतपणे घुगऱ्या खात होती.

"तीन पत्रं धाडली," ती म्हणाली, "तिन्हीत पिंटू. मला काय कळत नाय व्हय? सकाळी 'अक्का, चुकलं, आधीच नाव घातलं' म्हणाला असता, तर पिंटूच ठेवला असता. वाटीचा राग नाय आला मला. माझ्याच हंड्याला 'बुक झालाय' म्हणायचा ना गिऱ्हाइकाला? आज त्याच तोंडानं माझ्याशी बोलला, त्याचा आला."

मी एक पुडी सोडली आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर समोरचा दुकानदार म्हणाला, "या पिंटूशेठ." संध्याकाळपर्यंत हमाल म्हणायला लागले. महिनाभरात घाऊक मालाच्या पोत्यांवर तेच नाव यायला लागलं. अक्काने जाताना एक डझन वाट्या उचलल्या. सायखेड्याला गेलो की अजून मला त्यातच आमटी वाढते. "घे, तुझ्या नावाची हाय."

आता गल्ल्यावर चिंतामणी बसतो. शहाणा निघाला, गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही, निदान माझ्यादेखत. माझी साठी उलटली. घरात नातू हिंडताफिरता झालाय. परवा दुकानात कुणीतरी मला 'पिंटूशेठ' अशी हाक मारलेली त्याने ऐकली आणि घरी येऊन लांबूनच ओरडला, "पिंटूआजोबा!"

मी ओ दिली. बायको तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत राहिली.

साठीचं साठीला बघू, असं मीच म्हणालो होतो. बघतोय.