पऱ्हाट्यांची आग आणि एक कबुली

पोलिसातल्या नोकरीत तपासलेले कितीतरी गुन्हे मी विसरलो. नावं विसरलो, कलमं विसरलो. धरणगाव आणि चोपड्याच्या मधल्या त्या गावातली पऱ्हाट्यांची आग मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

लढाईचे दिवस होते. घासलेट असं महागलं होतं की बायका दिव्याची वात नखाएवढी ठेवत. सरपण बाजारात विकत घ्यायची सोय राहिली नव्हती. कपाशी निघाली की शेतात उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, पूर्वी कुणीही मागाव्या आणि कुणीही द्याव्यात. आता त्यांच्यावरून डोकी फुटत होती. आमच्या ठाण्यात त्या उन्हाळ्यात दागिन्यांपेक्षा गोवऱ्यांच्या चोरीच्या तक्रारी जास्त येत. हवालदार वैतागून म्हणायचा, "साहेब, आता शेणाचा पण पंचनामा करायचा का?" करत होतो बाबा, काय सांगू!

एका सकाळी त्या गावचा पोलीस पाटील ठाण्यात आला. आदल्या दिवशी, उन्हं कलली असताना, एका शेतकऱ्याच्या दारातली पऱ्हाट्यांची गंजी पेटली होती. गंजीला लागून असलेलं छप्पर जळालं होतं. आत त्याची बाळंतीण लेक होती; तिला आणि बाळाला लोकांनी ओढून काढलं म्हणून वाचली. पाटलाने आवाज खाली आणून संशयिताचं नाव दिलं. शेतकऱ्याचा धाकटा चुलतभाऊ. सामाईक शेतातल्या पऱ्हाट्यांवरून दोघांचं भांडण झालं होतं आणि धाकटा भर चावडीपुढे ओरडला होता, "देखस तुले कशी पुरस हाई पऱ्हाटी!"

मी जाऊन पंचनामा केला. धाकट्याला ताब्यात घेतलं. चाळिशीच्या आतला, काटक, शांत गडी. त्याची बायको पोटुशी होती; ती दाराच्या आड उभी राहून नुसती बघत होती. उजवा हात पदराखाली धरलेला. रडली नाही. मला ते जरा खटकलं, पण पोलीस दारात आला की माणसं तशी थिजतात.

चावडीत त्याला समोर बसवलं. मी तयारीत होतो की आता हा नाही नाही म्हणणार, आणि मग दोन दिवस डोकेफोड. त्याने पहिल्याच प्रश्नाला मान डोलावली.

"आग मीच लाई साहेब."

"कशी लावलीस?"

"काडी वढी अन् लाई दिधी."

हवालदार खूश. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. ती मॅजिस्ट्रेटपुढे नोंदवून घ्यावी लागते. हवालदार म्हणाला, आत्ताच गाडी जुंपतो, गडी फिरायच्या आत नेऊ. राहत्या घराला आग लावण्याचं कलम साधंसुधं नाही. कबुली नोंदली गेली की त्या माणसाचं उभं आयुष्य तुरुंगात गेलं असतं, आणि पोटातलं पोर बापाविना वाढलं असतं. एवढं सरळ कुणी कबूल होत नाही हो!

मी सहज विचारलं, "काडेपेटी कुठून आणलीस?"

"दुकानमाईन."

दारात बसलेला पाटील न राहवून बोलला, "साहेब, दुकानात काडेपेटी होळीपासून आलेलीच नाही."

धाकट्याने झटकन मान खाली घातली. मी हवालदाराला म्हटलं, गाडी सोड.

मग मी गल्लीत विचारत फिरलो की तुमच्या चुली पेटतात कशा. सगळ्यांनी एकाच घराकडे बोट केलं. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी अक्का राहायची. ती राखेत गोवरी पुरून विस्तव जिवंत ठेवायची, आणि गल्लीतल्या बायका गोवरीच्या तुकड्यावर निखारा घेऊन आपापल्या घरी न्यायच्या. काड्या मिळेनाशा झाल्यापासून हाच रिवाज पडला होता. अक्काला विचारलं, काल कोण कोण आलं होतं?

"इस्तो मागाले बठ्ठी गल्ली येस साहेब. कोनकोनले याद ठेऊ?"

खोटं बोलत होती. माझ्याकडे न बघता ती चुलीतली राखच सारखी करत होती. पण विस्तव नेणाऱ्या बाईचं नाव ती पोलिसाला सांगणार नव्हती, मेली तरी.

मी दुसऱ्या बाजूने विचारलं, "अक्का, उन्हं कलताना एवढा वारा सुटतो, त्यात निखारा नेतात?"

तेव्हा ती भडकली. "मंग काय करतीन? वारा पडावर चूल पेटाडाची, हाई आम्हनी जुनी रीत. पन तवलोंग अंधार पडस. दिवाले घासलेट कोठे शे?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. घासलेट वाचवायला सगळं गाव उजेडातच जेवून घेत होतं, म्हणून वाऱ्याच्या वेळेला उघडा निखारा गल्लीतून चालला होता.

खोटी कबुली माणूस घरच्याच कुणासाठी देतो; म्हणून पाटलाला घेऊन मी परत धाकट्याच्या घरी गेलो आणि ओट्यावर बसून पाणी मागितलं. त्याच्या बायकोने तांब्या डाव्या हाताने पुढे केला. पाटील खेकसला, "अगं, साहेबांना डाव्या हातानं देतेस?" तिने उजवा हात पदराखाली आणखी घट्ट धरला. मी म्हटलं, "हात दाखव बाई." तळवा पुरता भाजला होता. मग जी काही ती रडली! गंजीजवळून जाताना झुळूक आली, निखारा उडाला, तिने हाताने विझवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. नवऱ्याने शेतातून येताना तिला पळताना पाहिलं आणि सगळं आपल्या अंगावर घ्यायचं ठरवलं.

गंजीच्या कडेला राखेत गोवरीचा अर्धवट जळका तुकडा सापडला. त्या बाईचा जबाब घेतला, आणि तो तुकडा पाहिल्यावर अक्कानेही तोंड उघडलं. आग अपघाताने लागल्याचा अहवाल मी वर पाठवला आणि धाकट्याला सोडलं. ज्याचं छप्पर जळालं तो थोरला आधी खूप आरडला. तिचा तळवा पाहिल्यावर गप्प झाला, पण त्या घराकडे पाठ फिरवूनच उभा राहिला.

निघताना मला राहवलं नाही. खिशातली काडेपेटी काढून मी त्या बाईपुढे धरली. म्हटलं, ठेव, निदान निखारा आणायला जाऊ नकोस.

ती दोन पावलं मागे सरली. "नको साहेब. हाई पेटी मना घरमा दिसनी ते बठ्ठा लोके म्हनतीन, आग आम्हीच लाई."

मी पेटी परत खिशात घातली. सुटका माझ्या कागदावर झाली होती; तिला अजून त्याच गल्लीत राहायचं होतं. त्यानंतर माणूस निर्दोष ठरला की माझं काम संपलं, असं मी कधी म्हटलं नाही. त्या रस्त्याने जाणं झालं की गाडी थांबवायचो आणि उन्हं कलताना त्यांच्या घराच्या मातीच्या धाब्यावरून धूर निघतोय का, तेवढं बघून पुढे जायचो.