न छापलेल्या खुणा

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. मेकॅनिक मंडळी दुरुस्तीच्या पुस्तकाला पोथी म्हणत, म्हणून ती पोथीबाई. अकरा मॉडेलं, साडेनऊशे पानं, आणि ती सगळी एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. ओळीच्या आधी चांदणी टाकली की मथळा व्हायचा, शब्दाभोवती कंस टाकले की लिंक. बटण दाबलं की सॉफ्टवेअर त्यातूनच छापायचं पुस्तक काढी आणि फोनवर वाचायचंही. एकोणीस वर्षं ती हे करत होती आणि तिला त्याचा गर्व होता. उगाच नम्रतेचा आव तिनं कधी आणला नाही. "माझ्या पोथीत चूक दाखवा, चहा माझ्याकडून," असं ती छातीठोकपणे सांगे, आणि चहा पाजायची वेळ फारशी येत नसे.

एका पानावरून दुसऱ्यावर उडी मारायची तर जिथे उतरायचं तिथे आधी खूण रोवावी लागते. ही खूण पानावर दिसलेली तिला खपत नसे. म्हणून ती खुणा अशा ओळींत लिही, ज्या फाइलमध्ये असतात पण छापल्या जात नाहीत. अशा चौदाशे खुणा तिनं रोवल्या होत्या. वाचणाऱ्याला पान स्वच्छ दिसे, आणि लिंकवर बोट ठेवलं की तो नेमक्या जागी उतरे.

पुढे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी जाहीर केलं की न छापल्या जाणाऱ्या ओळीतली खूण ही आता जुनी रीत झाली. सध्या चालवून घेऊ, पण पुढे ओळखणार नाही, तेव्हा वेळीच बदला. झालं, पुस्तक तयार करायला घेतलं की पडद्यावर चौदाशे पिवळे इशारे धडाधड उतरू लागले. पहिल्या आठवड्यात तिनं चाळीस खुणा बदलल्याही. मग नवं मॉडेल आलं, मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग मुलीची परीक्षा. आज करू, उद्या करू. शेवटी एका दुपारी, ही पिवळी कटकट नको म्हणून तिनं इशारे दाखवणंच बंद करून टाकलं. दुखतंय असं सांगणाऱ्या पोराच्या तोंडावर हात ठेवावा, तसला हा प्रकार. चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांना तो सुचतो. त्याला आता चार वर्षं झाली होती, आणि ती ते साफ विसरून गेली होती.

त्या सोमवारी कॉम्प्युटर विभागातल्या माणसानं सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. मंगळवारी तिनं नेहमीसारखं बटण दाबलं. पडदा स्वच्छ, पानं बरोबर साडेनऊशे. तिनं पोथी सगळ्यांच्या फोनवर धाडली आणि डबा उघडला.

गुरुवारी दुपारी साहेबांचा फोन आला. तिचा धाकटा भाऊ याच कंपनीत मेकॅनिक होता, तिनंच त्याला चिकटवलं होतं. नऊ मजली इमारतीच्या गच्चीवरल्या यंत्रखोलीत तो लिफ्टचा ब्रेक उघडत असताना दोर ओढणारं मोठं चाक फिरलं, आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पोलादी दोराखाली गेली.

त्याच संध्याकाळी चौकशीला तिघं बसले आणि तासाभरात उठले. लिफ्ट सातव्या मॉडेलची, भावाच्या फोनवर उघडं पान पहिल्या मॉडेलचं. म्हणजे मेकॅनिकनं चुकीचं पान वाचलं, शुद्ध हलगर्जीपणा. सोमवारी अहवालावर सह्या होणार होत्या, आणि त्यासरशी त्याची नोकरीही जाणार होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण चोर कोण हे त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं.

ते तिला शुक्रवारी सकाळी कळलं. तिनं सातव्या मॉडेलमधल्या 'ब्रेक उघडणे' या लिंकवर बोट ठेवलं आणि ती पहिल्या मॉडेलच्या पानावर जाऊन पडली. नव्या आवृत्तीला तिच्या खुणा दिसतच नव्हत्या. खूण सापडली नाही की ती त्याच नावाच्या पहिल्या मथळ्यावर नेऊन सोडत होती, आणि ब्रेकचा मथळा प्रत्येक मॉडेलमध्ये होता. तिनं वीस लिंका तपासल्या. चौदा भलतीकडे गेल्या. तिनं एकेका मेकॅनिकला स्वतः फोन लावला, "फोनवरची पोथी उघडू नका, जुनी छापील वापरा." का, ते मात्र सांगितलं नाही.

शनिवार-रविवार तिनं गप्प राहून काढले. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण काढले. निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. नव्या आवृत्तीवर ढकलून मोकळं होता आलं असतं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. भावाला भेटायला गेली तेव्हा तिनं मोसंबी सोलून दिली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि घरी आली.

सोमवारी तिनं जुन्या आवृत्तीवर इशारे पुन्हा चालू केले. आलेल्या तेराशे साठ पिवळ्या ओळी छापून तो गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय, बाई?"

"चार वर्षांचे इशारे. मी बंद करून ठेवले होते. पान त्यानं चुकवलं नाही, मी चुकवलं."

"तो घरचा माणूस म्हणून सांगताय का हे?"

"घरचा असूनही दोन दिवस गप्प बसले. अहवालात माझं नाव घाला."

साहेबांनी सह्या थांबवल्या. तिथून ती थेट इस्पितळात गेली. भाऊ खिडकीशी बसला होता, हाताला कोपरापर्यंत पट्टी. तिनं न थांबता सगळं सांगून टाकलं आणि तो कधी रागावतोय याची वाट बघत राहिली.

"ताई, पान चुकीचं आहे हे मला दिसलं होतं गं," तो म्हणाला. "वर मॉडेल एक लिहिलेलं होतं. मी मागे जाऊन पुन्हा दाबलं. पुन्हा तिथेच. मग म्हटलं, ताईनं इथे पाठवलंय, म्हणजे दोन्हींची रीत एकच असणार. तुझी पोथी चुकेल असं मनातसुद्धा आलं नाही."

ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.

"बरोबर पानावर काय होतं?" त्यानं विचारलं.

तिला ते तोंडपाठ होतं. "आधी दोराच्या पलीकडच्या टोकाचं वजन अडकवून घ्या. मगच नट सैल करा."

"एवढंच होतं?"

"एवढंच," ती म्हणाली, आणि त्याच्या धडक्या हातावर डोकं टेकून रडली.